मोटारीचे दुखणे कोणी ओळखावे?



मोटार रस्त्यात बंद पडली म्हणजे दोन प्रकारची माणसे पाहावयास मिळतात. एक लगेच बॉनेट उघडून आत डोके घालणारा. दुसरा गाडीला हात न लावता मिस्त्रीची वाट पाहत झाडाच्या सावलीत उभा राहणारा. पहिला दुसऱ्यास आळशी म्हणतो, दुसरा पहिल्यास आगाऊ म्हणतो, आणि हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे असे म्हणून आपण वाद मिटवतो. पण यंत्राचे ज्ञान कोणत्या काळी कोणाच्या हाती होते, ते कोणाकडून कोणाकडे गेले, आणि त्याचा मोबदला कसा दिला गेला, हे पाहिल्यावाचून या वादाचा निकाल लागत नाही. म्हणून आज थोडा इतिहास सांगावयाचा आहे.

कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्यास न सांगता, त्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. मोटारीचा मिस्त्री त्या वेळी साऱ्या जगात कोठेही नव्हता, कारण मोटारीच नव्हत्या. इंधन संपत आले तेव्हा वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून बाईंनी लिग्रोइन नावाचे द्रव विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे आवरण खराब झाले, तेथे मोजा बांधावयाची पट्टी गुंडाळली. परंतु साखळीचे काम लोहाराकडून करून घ्यावे लागले, आणि उतारावर झिजलेल्या लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यांना मोच्याकडून कातडे लावून घेतले. दुखणे बाईंनी स्वतः ओळखले. जे आपल्या हाताने होण्यासारखे होते ते केले. आणि जे नव्हते ते कारागिराकडे नेले. आमच्या मते आजच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या पहिल्याच प्रवासात देऊन झाले आहे.

पुढचा टप्पा अमेरिकेचा. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी ही मोटार १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक तयार झाली. तिचे यंत्र इतके साधे होते की, खेड्यातला शेतकरी नांगर दुरुस्त करावा तशी ती खळ्यात उभी करून दुरुस्त करी. ग्राहकाच्या हाती एवढे ज्ञान पुन्हा क्वचितच आले. मात्र त्याच कंपनीच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात १९१३ साली सरकत्या साखळीवर जुळणी सुरू झाली, आणि जो कामगार पूर्वी यंत्राचा मोठा भाग एकट्याने जुळवी, तो दिवसभर एकच बोल्ट आवळू लागला. मोटार विकत घेणाऱ्यास मोटार कळू लागली आणि मोटार बनविणाऱ्यास ती कळेनाशी झाली. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यास हा विरोधाभास विसरता येत नाही. कारखान्यात ज्ञान वाटले जात नाही, ते आधी एकवटले जाते.

आपल्याकडे गोष्ट निराळी घडली. येथे मोटारीचा धनी आणि मोटार जाणणारा हे आरंभापासून दोन वेगळे पुरुष होते. धनी मागच्या बाकावर बसे. यंत्राची ओळख ड्रायव्हरला आणि मिस्त्रीला. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फियाट, पुढे पद्मिनी झालेली, आणि कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर, अशा दोन-तीनच गाड्यांवर देशाने कितीतरी वर्षे काढली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तोवर हेच चालले. निवड नव्हती ही ग्राहकाची अडचण खरी. परंतु तीच कारागिराची शाळा झाली. तीच गाडी, तोच कार्ब्युरेटर, तेच पॉइंट आणि तेच प्लग वर्षानुवर्षे हाताखालून गेल्यामुळे नाक्यावरचा मिस्त्री कानाने आणि नाकाने निदान करू लागला. धूर काळा आला तर पेट्रोल जास्त जाते आहे. निळसर आला तर ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरते आहे. ही विद्या पुस्तकातली नव्हती. पाने उचलून देणारे पोर उस्तादाच्या शेजारी उकिडवे बसून ती शिकत असे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यालाही तिची बाराखडी येई, कारण गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची चूल उभी राही.

अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. पण उस्तादाच्या विद्येला धक्का त्याच्या बराच आधी बसला होता. त्याचे मूळ कॅलिफोर्नियाच्या धुरकट हवेत आहे. धूर आटोक्यात ठेवावयाचा तर इंजिनात किती पेट्रोल जाते हे क्षणोक्षणी मोजावयास हवे. ते काम कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून मोटारीत संगणक आला. तो नीट काम करतो की नाही हे त्यानेच सांगावे असा नियम झाला, आणि १९९६ सालच्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत एकाच नमुन्याचे सोळा टोकांचे जोडस्थान व एकाच पद्धतीचे दोषांक सक्तीचे झाले. भारत स्टेजच्या नियमांबरोबर ही व्यवस्था आपल्याकडेही आली. आता काही शेकडा रुपयांचे लहानसे यंत्र त्या जोडस्थानी लावले की दोषाचा अंक हातातल्या फोनवर उमटतो. बॉनेट उघडणाऱ्या माणसास वाटले, आता मिस्त्रीची गरज संपली.

आम्हांसही तसेच वाटले होते. युनियनच्या जुन्या मोटारीचा पिवळा दिवा लागला. आम्ही अंक वाचला: पी-०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. चार ठिकाणी वाचून आम्ही ठरविले की, धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर बिघडला. तो आणून बसविला. दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागला. मग मिस्त्रीकडे गेलो. त्याने अंक पाहिला नाही. थंड इंजिन सुरू करावयास लावले, आणि आवाज ऐकून म्हणाला, "साहेब, सायलेन्सरचा पाइप वरच्या जोडापाशी फुटलाय. तिथून बाहेरची हवा आत जाते, म्हणून सेन्सर खोटं बोलतो." सेन्सर चांगला होता; त्याला दिसत होते तेच तो सांगत होता. अंक हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे, हे आम्ही सेन्सरची किंमत मोजून शिकलो. आणि साक्षीदारास पढविताही येते: २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींतील संगणक तपासणीच्या वेळी ओळखून धूर कमी दाखवितो, हे अमेरिकेत उघडकीस आले.

तर मग मिस्त्रीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा काय? येथेही इतिहास सावध करतो. जून १९९२ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक-व्यवहार खात्याने सिअर्स या मोठ्या कंपनीच्या मोटार-दुरुस्ती केंद्रांवर, गरज नसलेली कामे गिऱ्हाइकांच्या माथी मारल्याचा आरोप ठेवला. खात्याची माणसे साधी गिऱ्हाइके बनून मोटारी घेऊन गेली होती. चौकशीत जे बाहेर आले ते आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. तेथे काम सुचविणाऱ्या सल्लागारांस विक्रीवर कमिशन होते आणि अमुक इतके भाग विकलेच पाहिजेत असे कोटे होते. बोभाटा झाल्यावर कंपनीने ती पद्धत बंद केली. सगळी माणसे एकाच वेळी अप्रामाणिक झाली नव्हती. त्यांचे पोट ज्या रीतीने बांधले होते ती रीत अप्रामाणिक होती. ज्यास भाग विकल्यावर पैसे मिळतात, तो भागच विकणार. ज्यास निदानाचे पैसे मिळतात, तोच "काही झालेले नाही, घेऊन जा" असे सांगू शकतो. आपण मात्र दुरुस्तीचे पैसे देतो आणि निदान फुकट मागतो. पाइपाचा आवाज ओळखावयास त्या मिस्त्रीस दोन मिनिटे लागली. त्या दोन मिनिटांमागे वीस वर्षे होती. त्यांचा मोबदला बिलात कोणत्या ओळीत लिहावयाचा?

शेवटचा मुद्दा कुलपाचा. आज त्या मिस्त्रीसही सर्व अंक वाचता येत नाहीत. कंपनीचे खास यंत्र व माहितीपत्रके तिच्या अधिकृत केंद्रांतच मिळतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली प्रचंड बहुमताने कौल दिला की, ही माहिती स्वतंत्र गॅरेजांस मिळालीच पाहिजे. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार-कंपन्यांस, सुटे भाग व दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात येऊ देत नाहीत म्हणून, एकूण सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड सुनावला. त्यावर अपिले झाली. परंतु गॅरेजवाल्याची तक्रार कल्पनेतली नव्हती, एवढे त्या निकालाने नोंदले गेले. हे कुलूप राहिले तर मोटारधन्यापुढे निवड उरणार नाही आणि नाक्यावरच्या मिस्त्रीपुढे पोट उरणार नाही. दोघांचा प्रश्न एकच आहे, आणि तो दोघांनी मिळून मांडावयास हवा.

तोवर आपल्या हाती काय? बिघाड केव्हा होतो, थंड असताना की तापल्यावर, किती वेगाला, कसल्या आवाजासह, हे धन्याने लिहून ठेवावे. ते त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते. अंक वाचावा, पण त्यावरून भाग बदलू नये. ब्रेक, एअरबॅग आणि विजेच्या मोटारीतल्या नारिंगी तारा यांस घरी हात लावू नये. काढलेला भाग मागून घ्यावा, कारण विचारावे, आणि मिस्त्रीने नुसते निदान केले तरी त्याचे पैसे द्यावेत. बेर्थाबाईंनी पिन स्वतः वापरली आणि साखळी घेऊन लोहाराचे दार ठोठावले. पिन कोठे पुरते आणि लोहार कोठे लागतो, हे कळणे म्हणजेच मोटार कळणे.