जागतिक कन्या बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धा (१९ वर्षांखालील)

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, विद्यमाने भरणारी ही स्पर्धा १९८५ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे प्रथम झाली. ती व १९८९ सालची बिल्बाओ येथील दुसरी, अशा दोन्ही सोव्हिएट संघाने जिंकल्या. आरंभी चार वर्षांच्या अंतराने भरणारी ही स्पर्धा २००५ नंतर द्वैवार्षिक झाली, आणि हा फेरफार न्याय्यच म्हटला पाहिजे. कारण वयोमर्यादा जेथे इतकी कडक, तेथे त्या दीर्घ खंडात कित्येक गुणी मुलींची उमेदीची वर्षे संधीवाचूनच सरत असत. १९९३ मध्ये सोल येथे ऑस्ट्रेलियाने, तर २००१ मध्ये ब्रनो येथे यजमान चेक प्रजासत्ताकाने विजेतेपद मिळविले. २००५ पासून अमेरिकेचा अंमल जवळजवळ अबाधित असून, तो २०१७ साली इटलीतील उदिने येथे रशियाने मोडला.