दाढीवाला आयरिस आणि देशावरचा पाऊस

पुण्याच्या बागांचा इतिहास लिहिताना आपण रुजलेली फुलेच मोजतो. न रुजलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही. दाढीवाला आयरिस हे त्यातले ठळक नाव.

३० जून २०२१ रोजी महापालिकेत आलेल्या तेवीस गावांपैकी वाघोली एक. इथल्या नव्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर हल्ली ऑनलाइन मागवलेले आयरिसचे कंद लावले जातात आणि श्रावण सरेपर्यंत बहुधा कुजून जातात. बोल लागतो माळीबुवांना. हा निवाडा मला मान्य नाही.

खालच्या पाकळ्यांवर केसांची पट्टी असते, ती या फुलाची दाढी. कंद आल्यासारखा आडवा वाढतो. त्याची पाठ मातीबाहेर, उन्हात ठेवावी लागते. कडक हिवाळा सोसून तो वसंतात फुलतो आणि कोरड्या उन्हाळ्यात विसावतो. दर तीन-चार वर्षांनी कंद फोडून पुन्हा लावायचे तेही याच विसाव्यात. भूमध्य समुद्राकाठी आणि पश्चिम आशियात हेच ऋतुचक्र असते. काश्मिरातही आयरिस सुखाने नांदतो. तिथे कबरींवर लावल्या जाणाऱ्या पांढऱ्या आयरिसला बेकर यांनी १८७७ मध्ये ‘आयरिस काश्मिरियाना’ हे शास्त्रीय नाव दिले. पुढे युरोपातल्या संकरांत त्याचा वापर झाला. तेव्हा भारताशी या फुलाचे नाते नाही असे म्हणता येणार नाही. नाते नाही ते देशाशी, म्हणजे घाटावरच्या पठाराशी.

आपला पाऊस जून ते सप्टेंबर, नेमका आयरिसच्या झोपेच्या वेळी. भिजल्या मातीत निजलेला कंद सडणारच. आपली कळलावी, रानहळद याच्या उलट: पावसात जागतात, उन्हाळ्यात निजतात.

गणेशखिंडीची वनस्पती-बाग १८७३ची. तिचे अधीक्षक वुड्रो यांनी भारतातल्या बागकामावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. विलायती पुस्तकांचे पंचांग इथे चालत नव्हते, हेच त्यातून दिसते.

आयरिसची जागा घेतली त्याच्याच कुळातल्या ग्लॅडिओलसने. बेल्जियममधल्या गेंट शहरातून १८४१च्या सुमारास बाजारात आलेल्या त्याच्या संकराचे पूर्वज दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातले, उन्हाळी पावसाच्या मुलखातले. फुलायला त्यांना गोठवणारा हिवाळा लागत नाही. पुण्याकडचे शेतकरी पाऊस ओसरल्यावर कंद लावतात, दांडे कापल्यावर पाने पिवळी पडेपर्यंत थांबतात, मग कंद काढून शीतगृहात ठेवतात. गणेशखिंडीच्याच संशोधन केंद्रातून ‘फुले गणेश’सारखे वाण निघाले. एकाच कुळातली ही दोन फुले. एक तरले, एक बुडाले, आणि त्यात माळ्याच्या हाताचा वाटा फारच थोडा.

वाघोलीच्या गच्चीवर आयरिस ठेवायचाच असेल, तर मृगाआधी कंद उपटावा, माती झटकावी, सावलीत सुकवावा आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा. दसऱ्यानंतर लावला की पाने येतील. फुलाची हमी देता येत नाही.