हवेतल्या वाहतुकीचे शास्त्र : प्रस्तावना

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. वाशिम जिल्ह्यात हा रस्ता कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. या रस्त्यावर गाडीत मागे बसून फोनवर बोलणाऱ्याला आपण एका टॉवरवरून दुसऱ्यावर कधी गेलो, याचा सहसा पत्ताही लागत नाही. तोच माणूस कॉलेजच्या इमारतीत वाय-फायवर व्हिडिओ कॉल लावून जिना उतरला, की आवाज तुटतो आणि चित्र गोठते. दोन्हीकडे लहरीच, मग एवढा फरक का? हा प्रश्न ज्या वाचकांच्या मनात कधी डोकावला असेल, त्यांचे या पुस्तकात स्वागत आहे.

मोबाइलच्या जाळ्यात बोलणे चालू असताना टॉवर बदलण्याचा हुकूम कंपनीची यंत्रणा सोडते. हँडसेट फक्त रेंजची मोजमापे कळवतो. वाय-फायमध्ये हा निर्णय हँडसेटचा. म्हणून शेजारच्या खोलीत तुम्ही नवा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पुरवणारा डबा, लावला, तरी फोन दूरच्या जुन्यालाच चिकटून राहू शकतो. वाय-फायच्या ८०२.११ या मानकात त्यावर तीन उपाय आहेत. ‘के’ फोनला शेजारच्या पॉइंटांची यादी देते, ‘व्ही’ अमुक ठिकाणी जा असे सुचवते, आणि ‘आर’ ओळख पटवण्याचे सोपस्कार आटोपशीर करून बदल झटपट घडवते. ऐकायचे की नाही, हे मात्र फोनच ठरवतो. रेंगाळलेल्या पाहुण्याला ‘निघा’ म्हणता येत नाही, फार तर गाडीची वेळ विचारता येते, तसेच हे. या कामात हुकमापेक्षा आर्जव जास्त लागते, आणि मला तरी विषयाची गोडी त्यातच वाटते. अनेकदा ॲक्सेस पॉइंटची ताकद वाढवण्याऐवजी कमी केली, की फोन वेळेवर जागा सोडतो. नवख्याला हे उलटे वाटेल. चौथ्या प्रकरणापर्यंत वाटणार नाही.

दुसरा विषय प्राधान्याचा. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत लाखो भाविक जमतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. अशा गर्दीत हवा सर्वांना वाटून घ्यावी लागते. वाय-फायमध्ये प्राधान्य म्हणजे जादा वेग नव्हे, कमी थांबणे. २००५ च्या ८०२.११ई सुधारणेने आवाज, चित्र, साधी माहिती आणि मागे चालणारी कामे अशा चार रांगा केल्या. हवा मोकळी झाली, की प्रत्येक उपकरण मनाशी एक आकडा काढून तेवढा वेळ थांबते. साध्या माहितीचा आकडा सुरुवातीला ० ते १५ मधला, आवाजाचा ० ते ३ मधला. आजच्या बहुतेक जाळ्यांत एका आकड्याला ९ मायक्रोसेकंद. पण सगळ्यांनाच आवाजाच्या रांगेत बसवले, तर चारच आकड्यांत टकरा वाढतात आणि कोणाचेच धड ऐकू येत नाही. सरसकट प्राधान्य मागणाऱ्या साहेबांना हे कसे समजवायचे, यावर मी मुद्दाम जास्त पाने खर्च केली आहेत.

हा अभ्यास मोठ्या शहरातच होतो, असे समजू नका. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी देशभर २००५ पासून परवान्याविना खुला आहे, वाशिमला आणि मुंबईला सारखाच. गावात फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली, तरी तिथून शाळेपर्यंत किंवा दवाखान्यापर्यंतचे अंतर पुष्कळदा बिनतारीच कापावे लागते. तिथे हा विषय जाणणारे माणूस गावातलेच असले, तर काम अडत नाही.

वाचकांनी सूत्रांपासून सुरुवात करू नये. फोनवर रेंज डीबीएममध्ये दाखवणारे एखादे ॲप घ्या आणि एकाहून अधिक ॲक्सेस पॉइंट असलेल्या शाळेच्या किंवा कचेरीच्या व्हरांड्यात सावकाश चाला. आकडा उणे असतो. तो १० ने घसरला, तर ताकद दहाव्या हिश्श्यावर आली. आवाजाच्या कॉलसाठी साधारण उणे ६७ पर्यंत ठीक समजतात. तुमचा फोन कोणत्या आकड्याला उडी मारतो, ते टिपून ठेवा. परतताना बहुधा तो दुसऱ्याच जागी उडी मारेल. तीही नोंद करा. पहिले प्रकरण तिच्यापासूनच सुरू होते.