परीक्षक विद्यापीठाचा वारसा आणि २०२० ची महासाथ

महासाथीच्या काळात विद्यापीठांनी दूरस्थ अध्यापन कसे स्वीकारले, याचा विचार बहुधा साधनांच्या अंगाने केला जातो. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे, तर या प्रश्नाचा उलगडा परीक्षेच्या इतिहासातून अधिक होतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. शिकविणे हे महाविद्यालयांचे काम. परीक्षा घेऊन पदवी देणे हे विद्यापीठाचे. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांस स्वतः अध्यापन करण्याची मुभा मिळाली, तरी मुंबईत समाजशास्त्राचा विभाग निघावयास १९१९ साल उजाडावे लागले.

मार्च २०२० मध्ये वर्ग बंद पडले आणि व्याख्याने झूमवर, गूगल मीटवर, पुष्कळ ठिकाणी तर नुसत्या व्हॉट्सॲपवर गेली. या स्थित्यंतरावरून मोठा वाद झाला नाही. वस्तुतः तो व्हावयास हवा होता. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी अवघ्या १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय आढळली होती. नागरी भागात हे प्रमाण ४२ टक्के होते. घरात मोबाइल एक आणि शिकणारी भावंडे तीन, अशा विद्यार्थ्याने वर्गात बसावयाचे कसे? विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांत टाळेबंदीचा काळ सर्वांच्या हजेरीचा मानावा, असे सुचविले. गैरहजेरीचा प्रश्न एका वाक्यात मिटला!

परीक्षेचा प्रश्न मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अंतिम वर्षाची परीक्षा न घेण्याचे राज्य शासनाने जून महिन्यात ठरविले. आयोगाने ६ जुलै रोजी ती सप्टेंबरअखेर पुरी करण्यास सांगितले. २८ ऑगस्टच्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्यास परीक्षा पुढे ढकलता येईल. परंतु परीक्षेवाचून विद्यार्थी उत्तीर्ण ठरविणे त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. केंद्र, राज्य व न्यायालय यांची शक्ती ज्या एका कार्यावर खर्ची पडली, ते १८५७ च्या विद्यापीठाचेच मूळ कार्य होय.

पुढे ऑक्टोबरात अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुतांशी घरबसल्या, ऑनलाइन व बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपाने झाल्या. ज्यांच्याकडे साधन नव्हते, त्यांच्यासाठी काही विद्यापीठांनी केंद्रावर येऊन लेखी परीक्षा देण्याची सोय ठेवली. व्याख्यानांच्या बाबतीत अशी पर्यायी सोय क्वचितच झाली होती.