वकिलाच्या चुकीने अपिलाची मुदत गेली, तर?

जमिनीचा दावा हरलेल्या एका मावशींसोबत मी त्यांच्या वकिलांकडे गेले होते. निकालाला सात महिने झाले होते. "अपील टाकलंय, काळजी करू नका," असं त्यांना दर वेळी सांगितलं जायचं. प्रत्यक्षात निकालाच्या नकलेसाठीही अर्ज केलेला नव्हता. मावशींचा प्रश्न साधा होता: चूक त्यांची, मग जमीन माझी का जावी?

कायद्यात या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते अर्धंच आपल्या बाजूचं आहे.

दिवाणी दाव्यात जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस मिळतात. प्रमाणित नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून निकाल लागताच नकलेचा अर्ज करावा. मुदत उलटली तर मुदत कायदा, १९६३ मधलं कलम ५ उपयोगी पडतं. वेळेत न येण्याचं 'पुरेसं कारण' पटलं तर न्यायालय उशीर माफ करू शकतं. करू शकतं, केलाच पाहिजे असं नाही. ही सवलत अपिलाला आणि बहुतेक अर्जांना आहे, नव्या दाव्याला नाही.

वकिलाची चूक हे पुरेसं कारण ठरतं का? १९८१ च्या रफीक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात वकील सुनावणीला गैरहजर राहिले आणि अपील फेटाळलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खेड्यातला माणूस वकील लावून, फी देऊन निर्धास्त होतो. वकिलाच्या कसुरीची शिक्षा त्याला नको. अपील पुन्हा सुनावणीला आलं आणि खर्चाचे २०० रुपये वकिलाकडून वसूल करायला सांगितले. हे प्रकरण उशिराचं नव्हतं, गैरहजेरीचं होतं. तरी त्यातलं तत्त्व उशीरमाफीच्या अर्जात आजही मांडलं जातं. १९९८ च्या एन. बालकृष्णन प्रकरणात तर ८८३ दिवसांचा उशीर माफ झाला. उशीर किती दिवसांचा यापेक्षा खुलासा खरा वाटतो का हे महत्त्वाचं, असं न्यायालयाने सांगितलं.

पण १९९३ च्या सलील दत्ता प्रकरणात हाच बचाव चालला नाही. पक्षकार कलकत्त्यातलीच, शिकल्यासवरल्या लोकांनी चालवलेली कंपनी होती. २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सगळा दोष वकिलावर ढकलून पक्षकार हात झटकू शकत नाही, त्याने स्वतःही जागं राहायला हवं. थोडक्यात, वकिलाने काय केलं नाही एवढंच न्यायाधीश विचारत नाहीत. तुम्ही काय केलंत, हेही विचारतात.

आपल्या कार्यकर्त्यांनी ॲट्रॉसिटीची प्रकरणं वेगळी लक्षात ठेवावीत. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १४अ नुसार विशेष न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करायचं. कारण पटलं तर त्यानंतरही घेता येतं, पण १८० दिवसांनंतर घेऊच नये, असं कलमात लिहिलं आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१८ मध्ये ही १८० दिवसांची अट घटनाबाह्य ठरवली. त्या निकालाच्या भरवशावर महाराष्ट्रात कुणी निवांत राहू नये. पीडिताला खटल्याची माहिती वेळेवर मिळण्याचा हक्क कलम १५अ मध्ये आहे. तो लेखी अर्ज करून मागावा. तोंडी मागितलेल्याचा पुरावा उरत नाही.

उशीरमाफीच्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि त्यात तारखा लागतात: निकाल कधी कळला, वकिलाला कधी भेटलात, काय सांगितलं गेलं, खरं कधी समजलं, त्यानंतर किती दिवसांत नवा वकील गाठला. व्हॉट्सॲप संदेश, फीची पावती, कॉलची नोंद, जे असेल ते जोडा. 'वकिलांनी कळवलं नाही' एवढ्या एका ओळीचे अर्ज फेटाळलेले मी पाहिले आहेत. खोटी तारीख मात्र घालू नका, एक पकडली गेली की बाकीच्या खऱ्याही गेल्या. ई-कोर्ट्स ॲपवर १६ अंकी सीएनआर क्रमांक टाकला की तारीख आणि निकाल मोबाइलवर दिसतो. वस्तीतल्या एका मुलाने दहा घरांचे क्रमांक वहीत लिहून ठेवले तरी पुष्कळ काम होतं.

जुने वकील फी बाकी आहे म्हणून कागद अडवून धरत असतील, तर तसा अधिकार त्यांना नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच हे स्पष्ट केलं आहे. गैरवर्तनाची तक्रार वकील कायद्याच्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते. ग्राहक मंचाचा रस्ता मात्र मे २०२४ च्या निकालाने बंद झाला. तक्रार नंतरही करता येईल, आधी अपील दाखल करा.

नव्या वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, पण जातीचा दाखला सोबत न्या. फोन क्रमांक १५१००.

मावशींकडे संदेश नव्हते, पावतीही नव्हती. तालुक्याला वकिलांकडे मारलेल्या खेपांची एसटीची तिकिटं मात्र त्यांनी पिशवीत जपली होती. आम्ही तीच अकरा तिकिटं प्रतिज्ञापत्राला जोडली. उशीर माफ झाला. अपील अजून चालू आहे.