बिनअडतीचा बाजार

नागपूरच्या संत्राबाजारात हंगामाच्या दिवसांत पहाटे जाऊन उभे राहिले असता काटोल-नरखेडकडच्या बागाईतदाराचा माल हर्राजीस कसा लागतो, अडत्या बोली कशी चढवतो आणि उन्हे वर येण्यापूर्वी हमाली (आणि 2016 पर्यंत अडतही) वजा जाता किती रुपये हाती यावयाचे याची पट्टी बागाईतदाराच्या सदऱ्याच्या खिशात कशी पडते, हे सर्व अर्ध्या घटकेत समजून येते. अडत्याविषयी बरे बोलणारा बागाईतदार माझ्या पाहण्यात नाही. परंतु त्याच्यावाचून माल विकून दाखवणाराही पूर्वीच्या काळी विरळाच. याच शहरात सीताबर्डीच्या, धंतोलीच्या किंवा महालातल्या एखाद्या माडीवर बसून ज्याने दोन-अडीच वर्षे खपून चारशे फुलस्केप पानांची कादंबरी सिद्ध केली, त्याला मात्र अडत्या कधीच लाभला नाही. मग नागपूरची कादंबरी बाजारात पोचली तरी कशी, आणि पोचवणाऱ्यांनी मोबदल्यात काय घेतले, हा प्रश्न मला फार दिवस छळीत आला आहे.

विलायतेत या कामाचा रीतसर धंदा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत उदयास आला. ए. पी. वॉट नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणे करावयाचे, करारनामा तपासावयाचा आणि लेखकाच्या प्राप्तीतून शेकडा दहा आपल्याकडे ठेवावयाचे, असा शिरस्ता घालून दिला. हार्डी आणि किपलिंग यांच्यासारखे लेखक त्याच्या वहीत जमा झाले, आणि हाइनमन यांच्यासारख्या प्रकाशकांनी या नव्या मध्यस्थाच्या नावाने बोटे मोडली. तेथेही पहिले पाऊल पुष्कळदा मैत्रीच्याच बळावर पडे. म्हैसूरच्या आर. के. नारायण यांचे हस्तलिखित ऑक्सफर्डला शिकत असलेल्या पूर्णा नावाच्या मित्राने ग्रेअम ग्रीन यांच्या हाती दिले, ग्रीन यांनी ते डेव्हिड हायम या व्यावसायिक मध्यस्थाकडे सोपवले, आणि 1935 साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ लंडनला छापून निघाली. फरक एवढाच की, मैत्रीचे काम जेथे संपले तेथून पुढे कागदोपत्री व्यवहार सुरू झाला.

आपल्याकडे या व्यवसायाला बोलीत रुळलेला शब्दही नाही. ‘साहित्य-प्रतिनिधी’ हा शब्द परिभाषा घडवणाऱ्या समितीच्या टेबलावर जन्मलेला दिसतो. बोलताना तो कोणाच्या तोंडी येत नाही. जुन्या दफ्तरांतून मात्र वकील आणि मुखत्यार हे दोन खणखणीत शब्द जागोजाग आढळतात. नागपूरकर भोसल्यांचा वकील पुण्याच्या दरबारी असे, आणि धन्याच्या लहानसहान कामाचीही कैफियत तो पेशव्यांच्या कानी घालीत असे. भोसल्यांच्या दौलतीला पुण्यात वकील होता. पुढे त्यांच्या राजधानीतल्या कादंबरीकाराला पुण्याच्या प्रकाशकाकडे तो मिळाला नाही, ही विसंगती कोणाच्या फारशी ध्यानात आलेली नाही. त्या काळी लेखनच हुकमावरून होई. नागपूरकरांची बखर काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिली ती रेसिडेंट जेंकिन्स याच्या सांगण्यावरून. वाचक आधी ठरलेला आणि ग्रंथ मागाहून, असा तो क्रम होता. कादंबरीने हा क्रम उलटा केला. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली निघाली तेव्हापासून मराठीतला कादंबरीकार आधी लिहितो आणि मग वाचक शोधू लागतो.

1867 साली मुंबईची आगगाडी नागपुरास येऊन पोचली, आणि त्याच वर्षी मुंबईस ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक सुरू झाले. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तथापि नागपूरच्या लेखकाच्या पुढील शंभर वर्षांच्या नशिबाची मांडणी त्या दोहोंनी मिळून केली. लिहावयाचे येथे, आणि छापून घ्यावयाचे ते सव्वापाचशे मैलांवर. मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी असलेल्या या शहरात छापखाने होते, सरकारी कचेऱ्या होत्या, हिस्लॉप आणि मॉरिस ही महाविद्यालये होती, आणि 1923 साली विद्यापीठही आले. पण विद्यापीठाच्या पाठोपाठ जो ग्रंथव्यवसाय वाढला तो मुख्यत्वे क्रमिक पुस्तकांचा आणि मार्गदर्शकांचा. परीक्षेला नेमलेले पुस्तक जून महिन्यात आपल्या पायांनी चालत दुकानाबाहेर जाते, कादंबरीला ढकलावे लागते. सीताबर्डीच्या प्रकाशकाने कादंबऱ्या काढल्या नाहीत असे नव्हे. परंतु कादंबरी ही त्याची हौस, आणि क्रमिक पुस्तक हा संसार.

त्याच 1923 साली, मकरसंक्रांतीच्या दिवशी, अमरावतीस विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला, आणि पुढे नागपुरात त्याचे ठाणे पडले. संघाने संमेलने भरवली, ‘युगवाणी’ हे नियतकालिक चालवले. पण या सर्वांपेक्षा होतकरू कादंबरीकाराला त्याचा उपयोग झाला तो निराळ्याच कारणाने. तेथल्या खुर्च्यांवर संध्याकाळी अशी माणसे बसत, की ज्यांची चिठ्ठी पुण्या-मुंबईस चाले. ‘होतकरू’ हा शब्दही मोठा चमत्कारिक आहे. ज्याच्यात काही होण्याची आशा आहे तो होतकरू. पण ती आशा कोणी जाहीर करावयाची, तर ज्याच्यापाशी शिक्का आहे त्याने.

असा शिक्का नागपुरात ज्यांच्यापाशी होता त्यांत गजानन त्र्यंबक माडखोलकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. रविकिरण मंडळाचा हा कवी-टीकाकार गोपाळराव ओगले यांच्या ‘महाराष्ट्र’ पत्रात काम करण्यासाठी नागपुरास आला आणि नागपूरकरच होऊन राहिला. 1933 साली ‘मुक्तात्मा’, पुढील वर्षी ‘भंगलेले देऊळ’, याप्रमाणे स्वतः कादंबऱ्या लिहीत असता 1944 पासून ‘तरुण भारत’ दैनिकाचे संपादकपदही त्यांनी भूषविले. वर्तमानपत्राचा संपादक, कादंबरीकार आणि टीकाकार एकाच देहात नांदत असल्यामुळे त्यांचा एक शब्द म्हणजे एकाच वेळी शिफारस, जाहिरात आणि परीक्षण असे. कुसुमावती देशपांडे यांचा अधिकार याहून अगदी भिन्न जातीचा. 1931 पासून मॉरिस महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या या विदुषीने मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा इतिहास दोन भागांत लिहिला. ज्या शहरातून कादंबरीच्या प्रसिद्धीची सूत्रे कधी हालली नाहीत, तेथल्याच एका प्राध्यापिकेने मराठी कादंबरीचा न्यायनिवाडा करावा, यात मला तरी एक गोड सूड दिसतो. पु. य. देशपांडे तर स्वतःच वादळ होते. त्यांच्या ‘बंधनाच्या पलीकडे’ने 1927 साली एवढी खळबळ उडवून दिली, की त्या कादंबरीला निराळ्या शिफारशीची गरज पडली नसावी.

चिठ्ठीचा नमुना जुन्या लोकांच्या संग्रही अजून पाहावयास मिळतो. पोस्टकार्डाचा अर्धा भाग प्रकृतीची विचारपूस, संमेलनातल्या भेटीची आठवण आणि नागपूरचा उन्हाळा यांत खर्ची पडलेला असे. आणि पत्ता लिहावयाच्या जागेशी ओळी आखडू लागल्या म्हणजे मग, सोबत अमुक यांचे हस्तलिखित येत आहे, मुलगा होतकरू आहे, जमल्यास पाहावे, असा मजकूर येई. या ‘जमल्यास पाहावे’मध्ये मराठी ग्रंथव्यवहाराचे अर्धे तत्त्वज्ञान साठवलेले आहे. शिफारस केली, पण भीड घातली नाही. नकार आला तर मान राखला, आणि होकार आला तर उपकार झाला. त्यानंतर लेखकाने हस्तलिखिताला जुन्या धोतराचे फडके गुंडाळावयाचे, सुतळीच्या गाठींवर लाखेचे ठिपके द्यावयाचे, आणि रजिस्टर पार्सलाची पावती पंचांगात ठेवून रोज टपालवाल्याची वाट पाहावयाची. कार्बन ठेवून लिहिण्याची चैन थोड्यांनाच परवडे. पुष्कळांपाशी दुसरी प्रतच नसे.

परत येणाऱ्या पुडक्यावर ‘साभार परत’ हे दोन शब्द असत. त्यांतील आभार कशाबद्दल, हे कोणाला कधी समजले नाही. पण त्या काळच्या काही संपादकांचे ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकाच्या मजकुरावर सविस्तर पत्रे लिहीत. नकाराचे पत्रसुद्धा जपून ठेवावे असे असे. नागपूरच्या महेश एलकुंचवार यांची ‘सुलतान’ ही एकांकिका 1967 साली ‘सत्यकथे’त आली, ती विजया मेहता यांच्या वाचण्यात आली, आणि तेथून एका नाटककाराची वाट मोकळी झाली. चिठ्ठी नाही, वकील नाही; मासिकाच्या पानानेच मुखत्यारी केली. नियतकालिकाने आपल्याकडे ही मुखत्यारी हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’पासून बजावली आहे, आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचकांपुढे आली ती त्याच पत्रातून, हप्त्याहप्त्याने.

एवढी सोय असता पैसे घेऊन हे काम करणारा माणूस मराठीत का निपजला नाही, याचे उत्तर वृत्तीत शोधण्यापेक्षा बेरजेत शोधलेले बरे. समजा, एका कादंबरीची एक हजारांची आवृत्ती निघाली आणि किंमत तीन रुपये ठेवली. सर्व प्रती खपल्या तर तीन हजार, लेखकाचा वाटा शेकडा पंधरा धरला तर साडेचारशे, आणि त्याचा दशांश म्हणजे पंचेचाळीस रुपये. वर्ष-दीड वर्ष पत्रव्यवहार करून, दोनदा मुंबईचे भाडे भरून, पंचेचाळीस रुपयांसाठी कोणता शहाणा पेढी उघडील? किमती वाढल्या, तरी आवृत्ती हजार-अकराशेंच्या पलीकडे क्वचितच गेली. राज्यरचना बदलली तरी हे गणित बदलले नाही. विदर्भ महाराष्ट्रात येण्याविषयीच्या 1953 च्या नागपूर करारात विधिमंडळाच्या एका अधिवेशनाची तजवीज येथे झाली. 1956 साली राजधानीपण गेले, कचेऱ्या गेल्या, आणि कादंबरीचे पार्सल पूर्वीप्रमाणेच मुंबई मेलने जात राहिले.

म्हणून हे काम भलेपणाने झाले, आणि भलेपणाचा हिशेब मागता येत नाही. अडत्याशी बागाईतदार भांडे, कारण अडत दिलेली असे. ज्याने फुकट चिठ्ठी दिली त्याला, माझ्या हस्तलिखिताचे काय झाले, असे चौथ्यांदा विचारण्याची प्राज्ञा नसे. हक्क कायमचे विकले की एका आवृत्तीपुरते, मानधन केव्हा, पुनर्मुद्रणाचे काय, हे विषय तर चिठ्ठी देणाऱ्याच्या देखत काढणे म्हणजे अविनय. ह. वि. मोटे यांच्यासारखा प्रकाशक लाभला तर गोष्ट निराळी. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ काढताना विभावरी शिरूरकर या टोपणनावामागे कोण, हे त्यांनी साऱ्या महाराष्ट्राच्या कुतूहलापुढे गुप्त राखले, आणि लेखिकेच्या वाट्याचा क्षोभ अंगावर घेतला. असे मोटे दर पिढीला मिळत नाहीत. 1960 साली ‘धग’मध्ये कौतिकचा वऱ्हाडी संसार उभा करणाऱ्या उद्धव शेळक्यांना पुढे पोटासाठी भराभर कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहाव्या लागल्या. त्यांच्या वतीने व्यवहार बोलणारा कोणी असता तर त्यांनी कमी लिहिले असते, असे मला वाटते. कदाचित हे माझे भाबडेपण असेल.

अलीकडे राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाकडून नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान मिळते. आशा बगे यांची ‘भूमी’ मुंबईच्या मौजेने काढली आणि बुलढाण्याकडच्या सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ पुण्याच्या कॉन्टिनेन्टलने, या दोहोंना साहित्य अकादमीचा मान मिळाला, आणि वाट मात्र पूर्वीचीच, पश्चिमेकडे जाणारी. इंग्रजीत लिहिणारा नागपूरचा मुलगा दिल्लीच्या किंवा जयपूरच्या एजंटला पहिली तीन प्रकरणे पाठवून उत्तराची वाट पाहतो. मराठीत लिहिणारा त्याचा भाऊ अजून ओळखीचे सर शोधतो.

माझ्यापुरते सांगावयाचे तर मीही एकदा असे पार्सल केले होते. चिठ्ठी एका थोर माणसाची होती. प्रकाशकाचे नाव सांगण्यात आता स्वारस्य नाही. सव्वा वर्षाने पुडके परत आले, सुतळी निराळी, फडके नाहीसे झालेले. पाने लावू लागलो तो एकशेबारा क्रमांकाची दोन पाने निघाली. एक माझे, दुसरे जांभळ्या शाईचे, किरट्या तिरप्या अक्षरातले, कोणा दुसऱ्याच होतकरूचे. त्यात एक बाई फलाटावर ट्रंकेवर बसून गाडीची वाट पाहत आहे, आणि हमालाला ती काहीतरी विचारणार तोच पान संपते. प्रकाशकाला मी दोन कार्डे टाकली, उत्तर आले नाही. ते पान माझ्या हस्तलिखितात अजून एकशेबारा क्रमांकाच्याच जागी आहे.