चुकलेल्या उत्तराचा इतिहास

आधुनिक भौतिकीच्या पाठ्यपुस्तकांत म्युऑनचे उदाहरण बहुधा असतेच. बी. एस्सी.ला असताना औशाला आम्ही मित्र ते सोडवायला बसलो. विश्वकिरणांमुळे १० किलोमीटर उंचीवर तयार झालेला म्युऑन प्रकाशाच्या ०.९९८ पट वेगाने खाली येतो. त्याचे सरासरी आयुर्मान २.२ मायक्रोसेकंद. तर तो सरासरी किती अंतर जाईल? आम्ही वेग आणि काळ यांचा गुणाकार केला. उत्तर आले सुमारे ६६० मीटर. पुस्तकात मात्र १०.४ किलोमीटर, म्हणजे औशाहून लातूरची निम्मी वाट! आम्ही सूत्र शोधले, १५.८ने गुणले, उत्तर जुळवले आणि पुढच्या उदाहरणाकडे वळलो.

त्यामागचा इतिहास फार उशिरा कळला. १९३५ मध्ये युकावा यांनी एका नव्या कणाची कल्पना मांडली होती. मुंबईत जन्मलेले होमी भाभा यांनी १९३८ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याविषयी लिहिले. असा कण आपोआप फुटत असेल, तर त्याचे आयुष्य त्याच्याबरोबर धावणाऱ्या घड्याळाने मोजले पाहिजे. म्हणून वेगवान कण आपल्याला जास्त काळ टिकलेला दिसेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. विश्वकिरणांत १९३६-३७ मध्ये सापडलेला म्युऑन हा युकावांचा कण नव्हे, हे १९४७ मध्ये स्पष्ट झाले. पण भाभांचा युक्तिवाद कोणत्याही अस्थिर कणाला लागू होता. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेतील कोलोराडोत दोन वेगवेगळ्या उंचींवर हे कण मोजले. अधिक वेगवान कण वाटेत कमी प्रमाणात फुटतात, असे त्यांना आढळले.

आमचे ६६० मीटर म्हणजे गुणाकारातली चूक नव्हती. सर्वांचे घड्याळ एकच, असे धरले की तेच उत्तर येते. मग निवाडा कोणी करायचा? मोजणीने. वाटेतील ऊर्जाक्षय सोडला, तर आमच्या हिशेबाने १ कोटी म्युऑनांपैकी जेमतेम दोन-तीन जमिनीवर पोहोचतील. सापेक्षतेच्या हिशेबाने सुमारे ३८ लाख. आणि जमिनीवर म्युऑन भरपूर सापडतात.

म्हणून शिक्षकांना आमची एकच विनंती आहे. हे उदाहरण देताना सूत्र आधी सांगू नका. ६६० मीटर फळ्यावर येऊ द्या, म्युऑनांची मोजणी शेजारी लिहा आणि थोडे थांबा. आम्ही घाईने ओलांडलेला प्रश्न तुमचे विद्यार्थी स्वतःच विचारतील.